कंबर नेमकी कुठे असते?

आपटे साहेबांनी सॅक पाठीवर चढवली, पुढचा पट्टा बेंबीच्या वर आवळला, बक्कल लावलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही लावल्यावर श्वास घेणं अपेक्षित आहे का?"

कॉन्फरन्स रूममधले इंजिनिअर हसले. मला हसू आलं नाही. माझ्या शेजारी आमचे मालक जगतापदादा बसले होते, त्यांनाही आलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता.

मी बॅगांची पॅटर्नमेकर. शिंपी शर्टाचे कागदी नमुने कापतो आणि त्यावरून कापड बेततो, तेच काम मी बॅगांसाठी करते. माहेर अमरावतीचं, लग्नानंतर पुण्यात आले आणि नोकरी लागली ती जवळच्या मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून असलेल्या दादांच्या शेडमध्ये. तिथे शाळेची दप्तरं शिवली जायची, आणि औषध कंपन्यांच्या एमआर लोकांच्या काळ्या बॅगा. मग पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. पोरांच्या हातात पगार खुळखुळायला लागला आणि शनिवार-रविवार गड चढायची साथच आली. बाहेरच्या देशातली सॅक परवडत नाही, इथली पाठीला बसत नाही, अशी त्यांची पंचाईत. मी दादांच्या मागे लागले की आपण वजनाला हलकी, पाठीला नीट बसणारी सॅक बनवू. ते हो म्हणाले. पुढची दोन वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

हिंजवडीतली ही कंपनी दरवर्षी आपल्या इंजिनिअरांना हिमालयात ट्रेकला न्यायची. त्यांना सॅक हव्या होत्या. येताना जीपमध्ये दादांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "म्याडम, ही आर्डर लागली तर तुमची सॅक चालू. न्हाई लागली तर परत दप्तरं. त्यात काय लाज न्हाई. दप्तरानं घर चालतंय." त्यांचं खोटं नव्हतं. पण आयुष्यभर दप्तराच्या झाकणावर कार्टूनं चिकटवायची माझी तयारी नव्हती.

झालं होतं असं. नमुन्याच्या सॅक आम्ही आधी पाठवल्या होत्या. त्या घेऊन ही मंडळी सिंहगड चढून आली, आणि सोमवारी सकाळी फोन आला की खांदे गळून गेले, पोट आवळतं, सॅक बसत नाही, येऊन घेऊन जा. फोन करणारे आपटे. ते कंपनीचे क्वालिटी हेड, निवृत्तीला आलेले, आणि ट्रेकलाही जाणार होते. उंच, सडपातळ माणूस. पँट अशी वर ओढलेली की शर्टाला जेमतेम दोन बटणांपुरती जागा उरलेली.

"वजन उत्तम आहे," आपटे म्हणाले. "करंगळीवर उचलली जाते. फक्त पाठीवर घेता येत नाही, एवढाच दोष."

सॅक घेणाऱ्यांची ही एक गंमत आहे. दुकानात सगळे रिकामी सॅक करंगळीवर तोलतात. अहो, रिकामी सॅक घेऊन कोण डोंगर चढतं? हलकी सॅक हवीच, पण सामान भरल्यावर ते वजन कुठे टेकतं हे त्याहून महत्त्वाचं. खांद्यांवर टेकलं तर तासाभरात माणूस रडकुंडीला येतो. म्हणून चांगल्या सॅकला खाली एक जाड पट्टा असतो. तो कमरेच्या हाडांवर बसला की बहुतेक वजन पायांकडे जातं आणि खांदे मोकळे राहतात. खांद्यांच्या पट्ट्यांनी सॅक फक्त मागे कलंडू द्यायची नाही, एवढंच.

मला आधी साइझची शंका आली. सॅकचं माप माणसाच्या उंचीवरून घेत नाहीत, पाठीच्या लांबीवरून घेतात. मान खाली घातली की मागे जे टेंगूळ हाताला लागतं, तिथून कमरेच्या हाडापर्यंत. ताडमाड माणसाची पाठ आखूड असू शकते, सगळी उंची पायांत गेलेली असते. मी टेप काढला आणि सगळ्यांच्या पाठी मोजल्या. साइझ बरोबर होत्या. मग मला पॅडिंगची शंका आली. ते दाबून पाहिलं, तेही ठीक.

"भरून बगू की," दादा म्हणाले आणि बाहेर जाऊन जीपमधून गुळाच्या ढेपा घेऊन आले. आमच्या शेडमध्ये सॅकची चाचणी गुळावरच व्हायची. वजन नेमकं, गोणपाटात बांधलेलं, आणि मांजरीत हाताशी मिळणारं. कंपनीच्या गुळगुळीत टेबलावर ढेपा मांडलेल्या पाहून हाऊसकीपिंगच्या बाई दारातच थबकल्या.

"हे काय आहे?" आपट्यांनी विचारलं.

"गूळ हाय साहेब. येक नंबर."

"नमुना म्हणून ठेवून जाणार आहात का?"

सॅक भरल्या. चार इंजिनिअरांनी त्या चढवल्या, आपट्यांनीही चढवली. आणि मग मला दिसलं. पाचही जणांनी पट्टा पोटावर बांधला होता. हाडावर कोणाचाच नव्हता. तरुणांचा बेंबीवर, आपट्यांचा त्याहून वर, पँटच्या पट्ट्याच्याही वर. पोट मऊ. त्याच्यावर वजन टेकणार कसं? ते सगळं खांद्यांवर येत होतं आणि वर पोट आवळलं जात होतं ते वेगळंच.

मला हायसं वाटलं. म्हटलं, चूक सॅकची नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

"हा पट्टा कमरेवर बांधायचा," मी म्हटलं.

"बांधलाय," पाचही जण म्हणाले.

"ही कंबर नाही."

आपट्यांनी खाली पाहिलं. "मॅडम, जन्मापासून मी पँट इथेच घालतो. याला आमच्याकडे कंबर म्हणतात. अमरावतीला वेगळीकडे असते का?"

"थोडं खाली घ्या."

पट्टे बोटभर खाली आले.

"अजून खाली."

कोणी हललं नाही. एका बाईने भर ऑफिसात पाच पुरुषांना "अजून खाली" म्हणावं, हे कोणाला झेपेना. मलाही झेपत नव्हतं. बोटाने दाखवावं तर कुठे दाखवणार? पाठीला टेप लावणं वेगळं, तिथे हात लावणं तर लांबच. शेवटी मी स्वतःच एक सॅक चढवली आणि कुडत्यावरून पट्टा बरोबर जागी बांधला. "असं बघा." पण मंडळी सभ्य घरातली. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. एकाने तर ट्यूबलाइट लुकलुकते आहे असं शेजाऱ्याला सांगितलं.

मग मी इंग्रजीचा आधार घेतला. "हिप बेल्ट आहे हा. हिपवर हवा."

तरुणांना हे लगेच कळलं, आणि तिथेच घोळ झाला. आपल्याकडे हिप म्हणजे बसायची जागा. चौघांनी पट्टे सैल केले आणि थेट मागे खाली उतरवले. सॅक गुडघ्यांच्या मागे आपटायला लागल्या. एकाने दोन पावलं टाकली आणि टेबल धरलं.

"हे असं हिमालयात?" आपटे म्हणाले. ते स्वतः हलले नव्हते. त्यांचा पट्टा होता तिथेच होता.

बेंबीपासून बसायच्या जागेपर्यंत एवढा मोठा प्रदेश, आणि त्याला आपल्या भाषेत एकच शब्द, कंबर. दागिना असतो तोही कंबरपट्टा. वाकताना लचकते तीही कंबर. डॉक्टर इंजेक्शन देतात तेही म्हणे कमरेतच. पुस्तकातला एक शब्द आठवला, पण 'नितंब' म्हणून ऑर्डर मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दादा मदतीला सरसावले. "आवं साहेब, सोपं हाय, हे बगा, आपलं कु—"

"दादा!" मी म्हटलं. दादा थांबले.

आपट्यांनी बक्कल सोडलं, सॅक उतरवली आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, आपण कष्ट घेतलेत, त्याबद्दल आभार. पण वापरायला शिकवणी लावावी लागते असं प्रॉडक्ट आम्ही घेत नाही." दादा टेबलावर उरलेल्या ढेपा गोळा करायला उठले. मला दप्तराची झाकणं दिसायला लागली.

त्यातली एक ढेप दादांनी टेबलावरून ओढून घेतली आणि दार उघडायला एक हात मोकळा हवा म्हणून कडेवर घेतली. अगदी सवयीने. एका बाजूला कंबर काढून, ढेप तिच्यावर टेकवून, एका हाताने धरून. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. रोज सकाळी तिला तशीच घेऊन मी एका हाताने डबा भरायची. मी जवळजवळ ओरडलेच, "कडेवर! साहेब, कडेवर! मूल कडेवर घेतो ना, ते जिथे टेकतं, तिथे पट्टा!"

चौघांतला एक जण, साताऱ्याकडचा, लहान भावंडं सांभाळून मोठा झालेला, म्हणाला, "अच्छा, इथे होय!" आणि त्याने झटक्यात पट्टा जागेवर बसवला. दोन्ही बाजूंना हाताने चाचपून म्हणाला, "सर, खांद्यावरचं गेलं. खरंच गेलं."

बाकीच्या तिघांनी कंबर एका बाजूला काढून पाहिली, हाड शोधलं, पट्टा आवळला. आपटे उभेच होते.

"साहेब, तुम्हीपण घ्या," मी म्हटलं.

"मूल कडेवर घेण्याचं खातं," आपटे शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी माझ्याकडे नव्हतं."

दादांनी त्यांच्या हातात ढेप दिली. आपट्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे धरली, सत्यनारायणाचा प्रसाद धरावा तशी. "आसं न्हाई साहेब. ल्योक रडंल." दादांनी ती बाजूला सरकवली. ढेप पोटावरून घसरली. वर घेतली, पुन्हा घसरली. माणूस हट्टी होता. कोट काढला, कंबर बाहेर काढली, ढेप खाली-वर केली आणि एकदम थांबला.

"इथे टेकतेय," ते म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता.

"तिथेच पट्टा," मी म्हटलं.

त्यांनी सॅक परत चढवली, पट्टा त्या जागी बांधला, खांद्यांचे पट्टे थोडे सैल सोडले. दाराबाहेर गेले आणि जिना चढायला लागले. आम्ही खाली उभे. वरून पावलांचा आवाज येत होता, मग बंद झाला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात अमरावतीच्या अंबादेवीला हात जोडले. मग पावलं खाली येऊ लागली. आपटे आले तेव्हा दमलेले नव्हते.

"ऑर्डर टाका," ते खरेदी खात्याच्या माणसाला म्हणाले. "आणि गूळ इथेच राहू दे. ट्रेनिंगला लागेल."

परतताना जीपमध्ये मी रडले. दादा रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले आणि म्हणाले, "रडताय काय? आता दप्तरं कोन शिवनार, ते मला सांगा." त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये त्या पट्ट्याला कडपट्टा म्हणतात. सॅक घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वजन करंगळीवर तोलू देते, त्याची हौस फिटू देते, आणि मग विचारते, मूल कडेवर कधी घेतलंत? बायकांना पुढे काही सांगावं लागत नाही. पुरुषांसाठी ढेप ठेवली आहे. या धंद्यात मी एवढं शिकले की माप चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं, शब्द चुकला तर आख्खी सॅक परत येते.

ट्रेकहून आल्यावर आपट्यांचा फोन आला. "सॅक ठीक होत्या," ते म्हणाले. पुण्यात याला प्रशस्तिपत्र समजतात. मग म्हणाले, "एक तक्रार आहे."

"काय झालं, साहेब?"

"घरी आलो. मुलगी नातवाला घेऊन आली होती. मी म्हटलं, बघा, आणि त्याला उचलून बरोबर कडेवर घेतला. पठ्ठ्या बसलाही मजेत. आमची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, 'म्हणजे जमत होतं तर.' आणि आत निघून गेली."

मी म्हटलं, "साहेब, हे वॉरंटीत बसत नाही."