कंपाउंडरकाकांचं बोट

'समजलं' म्हणणाऱ्या माणसावर कंपाउंडरकाकांचा विश्वास नव्हता. धाड गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. बैलाला औषध कसं पाजायचं ते सांगून झालं, शेतकऱ्यानं मान डोलावून बाटली उचलली, की काका त्या बाटलीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता तू मले सांग." मग तो बिचारा बैलाचं तोंड किती वर धरायचं, औषध गालाच्या कोणत्या बाजूनं सोडायचं, ते सगळं म्हणून दाखवायचा. चुकला की काका पहिल्यापासून सुरू. दवाखान्यापुढची गर्दी त्यामुळं कधी ओसरली नाही. लोक कुरकुरत, पण ढोर आजारी पडलं की पुन्हा तिथंच येत.

मी लग्न होऊन धाडला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या समोरच्या घरात काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी विमल राहत. विमल माझ्याच वयाची होती. परक्या गावात माझा जीव रमला तो तिच्यामुळं.

काका आधी अकोल्याला होते. तिथल्या डॉक्टरसाहेबांना क्रिकेटचा भारी नाद. संध्याकाळी बॉल टाकायला कुणी नसलं की ते काकांना उभं करायचे. काका हे वेड धाडला घेऊन आले. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराचं मैदान मोकळंच असायचं. गावातल्या सुतारानं बॅट तासली, बुलढाण्याहून कॉर्कचा बॉल आणला, आणि विटीदांडूत वाढलेली पोरं क्रिकेट खेळायला लागली. अंपायर अर्थातच काका. त्यांच्या अंगात दवाखान्यातला पांढरा कोट असायचा आणि त्याला फिनेलचा वास यायचा. जवळ उभा राहणारा खेळाडू वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचा.

आम्हा बायकांना या खेळाचा राग होता, कारण नवरे दिवेलागणीनंतर घरी यायचे आणि धुण्यात मातीचे कपडे टाकायचे. आमची कुरकुर काकांच्या कानावर गेली. एका दुपारी ते ओट्यावर बसले आणि आम्हाला शिकवायलाच लागले. तीन दांड्या म्हणजे तुमच्या घराचा दरवाजा. बॅटवाला राखणदार. समोरचा बॉल टाकून दरवाजा फोडायला बघतो. राखणदारानं बॉल लांब टोलवला तर समोरच्या दारापर्यंत पळायचं, पोचलं की एक रन. टाकणाऱ्याच्या सहा खेपा झाल्या की त्यानं थांबायचं आणि दुसऱ्यानं समोरून टाकायचं. विमलला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं. ती आम्हाला गुपचूप उत्तरं सांगायची आणि काका तिला तिथून उठवायचे.

पुरुषांना शिकवणं जास्त अवघड गेलं. पहिल्या मॅचला एकाला पळ म्हणून सांगितलं तर तो समोरची दांडी ओलांडून थेट कापडाच्या दुकानापर्यंत गेला, कारण थांबायचं कुठं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा एक बड्या घरचा मुलगा. दांड्या पडल्या तरी जागचा हलेना. काका त्याच्याजवळ गेले, खेळ थांबवला आणि दांड्या पडल्या म्हणजे काय ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. वदल्यावर त्याला जावंच लागलं.

पण खरी पंचाईत जानेफळचा संघ आला तेव्हा झाली. पोरं लांबून ट्रकनं आली होती. गावानं दोघंदोघं घरोघर जेवायला नेली, भाकरी, पिठलं, ठेचा, वर गूळ. जेवणं झाली, मॅच सुरू झाली, आणि धाडच्या पोरांच्या हातून एकेक कॅच सुटायला लागला. बांगड्यांच्या दुकानातल्या इस्माईलनं तर कमालच केली. त्यानं हातात आलेला बॉल अलगद खाली ठेवला. काकांनी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "आत्ताच तर माह्या घरी जेवला तो. लगेच त्याले घरी कसं धाडू?"

काकांनी मैदानाभोवती मारलेल्या चुन्याच्या रेघेकडं बोट दाखवलं. "त्या चुन्याच्या बाहेर तो तुहा पाहुणा. आत पाहुणा नाई, सोयरा नाई." इस्माईलनं ते म्हणून दाखवलं. मग बाकीच्या दहा जणांनीही म्हणून दाखवलं. जानेफळची पोरं कमरेवर हात ठेवून ऐकत उभी होती.

या खेळातली एक गोष्ट मात्र गावाच्या गळी उतरली नाही, ती म्हणजे पायात आऊट होणं. दांड्या पडल्या नाहीत, कुणी झेललं नाही, तरी माणूस आऊट कसा? काका सांगत, बॉल दरवाजाकडंच चालला होता आणि तू मध्ये पाय घातलास, म्हणून. तो दरवाजाकडंच चालला होता हे कुणी ठरवायचं? ते मी ठरवायचं, काका म्हणत. आणि तेही समोरच्यानं 'आऊट का?' असं ओरडून विचारलं तरच. कुणी विचारलं नाही तर अंपायरनं दिसत असूनही बोट वर करायचं नाही, असा नियम आहे. हा नियम पुढं फार महागात पडला.

विमलचं लग्न देऊळघाटला झालं. जावई भाजीपाल्याच्या शेतीतला, अंगानं भक्कम, आणि देऊळघाटच्या संघात पहिला खेळायला येणारा. काका यावरच खूश. माणूस वाईट नव्हता, पण नाकावर राग. लग्नाच्या पंगतीत वाढायला जरा उशीर झाला म्हणून भरल्या ताटावरून उठला होता. काकूंनी पदर पसरून त्याला बसवला होता.

पुढच्या संक्रांतीच्या सुमारास विमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्याच आठवड्यात देऊळघाटचा संघ धाडला खेळायला आला. आमच्या पोरांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. जावयाला पायात बॉल लागला तर कुणी विचारायचं नाही. दांड्या उडाल्या तर नाइलाज, पण सासऱ्याला बोट वर करायला लावायचं नाही. चुना वगैरे सगळं ठीक, पण जावई तो जावई.

बॉल टाकत होते आमचे हे. घरात यांच्या तोंडून शब्द काढायचा तर मला चारदा विचारावं लागायचं. पण बॉल जावयाच्या नडगीवर बसला, अगदी दांड्यांच्या समोर, आणि यांच्या तोंडून आरोळी निघून गेली. निंबाखाली बायकांत विमल माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला.

काकांनी यांच्याकडं पाहिलं. "इचारलं का?"

यांनी मान खाली घातली. खोटं बोलणं यांना जमत नाही, तेव्हाही जमलं नाही. "तोंडातून निघून गेलं, काका. पण इचारलं."

काकांनी बोट वर केलं.

जावई मैदानातून निघाला तो विमलला उठवून तडक काकांच्या घरी गेला आणि तिला सामान बांधायला सांगितलं. काकूंनी हात जोडले, शेजारपाजारच्या बायका मध्ये पडल्या, मीही बोलले. तिचे दिवस भरत आले होते. तो ऐकेना. आणि काका? काका मॅच संपेपर्यंत मैदानावरच उभे होते. मला काकांचा इतका संताप आला होता की मी यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. पुरुषांनी आपले नियम पाळायचे आणि पोटुशीनं एस.टी.चे गचके खायचे, हा कुठला न्याय? तो राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

काका स्टँडवर आले तेव्हा गाडी निघायच्या बेतात होती. विमल खिडकीशी होती, जावई पलीकडं तोंड करून बसला होता. काकांनी खिडकीचा गज धरला. तेव्हा विमलच बोलली, नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"बाबा, ते आऊटच होते."

गाडी सुटली.

बाळ झाल्याचा निरोप आला, बारशाचं बोलावणं आलं नाही. दिवाळीलाही विमलला पाठवलं नाही. काकू रोज संध्याकाळी दारात येऊन स्टँडच्या बाजूला बघायच्या आणि आत जायच्या. एकदा माझ्यासमोरच त्या काकांना म्हणाल्या, एक बोट खाली ठेवलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? काका म्हणाले, "विमल पाहत होती. तिले मीच शिकवलं होतं." काकूंचं त्यानं समाधान झालं नाही. माझंही नाही. काका नातवाचं नाव काढत नसत, पण आमच्या रांगत्या पोराला ते कितीतरी वेळ घेऊन बसत.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात एक दिवस जावई काकांच्या दारात येऊन उभा राहिला. मी ओट्यावर गहू निवडत होते. देऊळघाटची शेजारच्या गावाशी मॅच होती, मागच्या मॅचला अंपायरवरून डोकी फुटली होती, आणि आता दोन्ही गावांना एकच माणूस चालत होता. जावई हे खाली बघतच सांगत होता.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जावईबापू, तुम्ही स्वतः खेळून राह्यले का?"

"हाव."

"मग तुमच्या पायात आला आन् कोनी इचारलं, तर मी बोट वर करीन."

"करसान म्हणूनच आलो, मामाजी," जावई म्हणाला. "आऊट होतो हे मले तवाच माहीत होतं. घरात रोज सांगणारं माणूसही हाये."

आतून काकूंनी विचारलं, विमल कुठं आहे? जावयानं मान वर केली नाही. स्टँडवर बसलीय, म्हणाला. लेकराला घेऊन. बाबा आपल्याला घरात घेतात का नाही ते आधी विचारून या, म्हणाली.

काकू धावत दारात आल्या. काका तोवर ओट्याखाली उतरले होते. अनवाणीच, धोतराचा सोगा हातात धरून ते स्टँडकडं पळत सुटले. सगळ्या गावाला त्यांनी पळायला शिकवलं, पण त्यांना स्वतःला पळताना मी पाहिलं ते तेवढंच.