सटीचं पेन

भागीरथीकाकीवर मी अजून रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. तिच्याबद्दल गोड गोड लिहायला मला जमणार नाही. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक दगडी गडगा आणि एक काजूचं झाड, एवढंच अंतर. सकाळी पणजीच्या कचेरीत जायला मी बस पकडायला धावत असते, तेव्हा पाववाल्या पोदेराकडून माझे उंडे घेऊन ठेवणारी तीच, आणि गडग्यावरून 'तुझ्या पदराक पीठ लागलां' म्हणून वाड्यावरच्या साऱ्या घरांना ऐकू जाईल असं ओरडणारीही तीच. अशा माणसावर रागावणं फार कठीण जातं, म्हणून मी जपून रागावते.

अख्ख्या कोरगावात तिची ओळख दोन गोष्टींची. एक म्हणजे तिचा स्वच्छतेचा सोस. तिच्या न्हाणीघरातली तांब्याची भांडी बघून नव्या सुना घाबरतात. दुसरी म्हणजे तिच्या देवघरातलं पेन.

पेन तिच्या सासऱ्यांचं, कृष्णनाथ मास्तरांचं. पोर्तुगीज अमदानीत ते मराठी शिकवायचे. पेडण्याला बदलून आलेल्या कुणा साहेबाला देवनागरी शिकायची हौस आली, मास्तरांनी शिकवली, आणि मायदेशी परत जाताना साहेब खिशातलं पेन काढून मास्तरांच्या हातात ठेवून गेला. काळंभोर, सोन्याची निब, टोपणाला सोनेरी कडं, अंगावर साहेबाचं नाव कोरलेलं. मास्तर ते सदऱ्याला लावून चालायला लागले की पोरं आपोआप रांगेत उभी राहत, असं म्हातारी माणसं सांगतात.

आमच्याकडे मूल झालं की सहाव्या दिवशी सटी पुजतात. पाटावर तांदूळ, नारळ, दिवा, एक कोरा कागद आणि त्याच्यावर पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिला लिहायला बरं पेन द्यावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं, मास्तरांचं पेन मागून नेलं, आणि ते पोर पुढे शिकून मोठ्या हुद्द्यावर चढलं. झालं, तेव्हापासून वाड्यावरच्या प्रत्येक सटीला तेच पेन. माझ्या दोन्ही मुलांच्या सटीला तेच होतं. थोरला बँकेत आहे. धाकट्याबद्दल न बोललेलं बरं, पण त्यात पेनाचा दोष नाही.

मास्तर जायला टेकले तेव्हा पेन त्यांनी धाकट्या सुनेच्या, म्हणजे काकीच्या हातात दिलं. "मागतल्याक ना म्हणू नको, आणि सोवळ्यान सांभाळ," एवढंच म्हणाले. काकीनं दोन्ही गोष्टी जिवापाड पाळल्या. बाळंतिणीच्या घरी सुवेर, म्हणजे सोयर असतं. त्या घरातून आलेली वस्तू तशीच देवापुढे कशी ठेवायची? म्हणून पेन परत आलं की काकी चुलीवर पाणी चांगलं कढवायची, त्यात पेन बुडवून ठेवायची, मग समई घासतात तसं आमसुलं आणि राखेनं घासायची. वाळवून रेशमी फडक्यात गुंडाळायची ते पुढची सटी येईपर्यंत. मीही हे कितीदा तरी पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई किती निगुतीची आहे.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र ते पेन कधी पाटावर चढलं नाही. नवस झाले, म्हापशाचे डॉक्टर झाले, पण मूल झालं नाही. धाकूकाका, तिचा नवरा, भला माणूस होता. त्यानं तिला कधी शब्दानं दुखवलं नाही. "सगळ्यांच्या पोरांचां नशीब बरवता, आणि माझ्या दारात येऊन तेची शाई सुकता," असं ती मला एकदाच म्हणाली होती. लगेच विषय बदलून माझ्या भाकऱ्या जाड होतात यावर घसरली.

धाकूकाका गेल्यावर ती मागच्या बाजूची खोली आणि स्वयंपाकघर, एवढ्यात राहते. पुढचं घर तिच्या थोरल्या दिराचं होतं, आता त्याच्या मुलाचं, अजयचं. मोपाला विमानतळ झाला आणि आमच्याकडच्या प्रत्येक तरुण माणसाला आपल्या परसात भाड्याच्या खोल्या दिसायला लागल्या, तशा अजयलाही दिसल्या. त्या बांधायच्या तर मागची बाजू पाडायला हवी. "काकी, तू आमच्यात रव, आमच्या वसऱ्यार खाट घालतलंय," म्हणाला. आपली चूल मोडून दुसऱ्याच्या ओसरीवर पडून राहायचं, या विचारानंच काकी वाळायला लागली.

"कायद्यानं तुझा वाटा आहे," असं मी तिला घसा फुटेपर्यंत सांगितलं. कचेरीत काम करते, चार गोष्टी मलाही कळतात. पण मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेलं कूळ, म्हणून सरकारदरबारी नाव लागलं तेव्हा थोरल्या दिराचं लागलं, घरपट्टीही त्याच्याच नावानं, आणि कोर्टाची पायरी चढायला ही तयार नाही. "घरच्या पोराक कोर्टात उबो करू?" म्हणून माझ्यावरच डोळे वटारले.

मग अजयनं मोबाइलवर कुठंतरी तसलंच पेन पाहिलं. ते म्हणे लाखांना विकलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो काकीकडे आला तो साखर पेरत. पेन तिनं त्याला द्यायचं, आणि त्यानं खोली आणि स्वयंपाकघर कागदावर तिच्या नावानं करून द्यायचं. त्याच्या बायकोचे, सिद्धीचे, दिवस भरत आले होते. बारसं आटोपलं की पेडण्याला जाऊन कागद करायचा. पेन हिसकावून घ्यायची त्याची छाती नव्हती. सटीच्या वस्तूला तोही भिऊन होता, आणि मास्तरांनी ते कुणाला दिलं हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं.

काकी त्या दिवशी हसली, कितीतरी दिवसांनी. मरेपर्यंत आपली चूल आपल्याच खोलीत पेटणार, यापलीकडे तिला काही नको होतं. पण मी कसली गप्प बसते? म्हटलं, आधी किंमत तर काढू. खोलीपेक्षा जास्तीचं असेल तर वरती छप्पर दुरुस्त करून माग, न्हाणीघर माग. "व्यवहारात लाजायचं नाही," असा उपदेश करून मी रजा टाकली आणि तिला घेऊन पणजीला निघाले.

आदल्या दिवशी तिनं पेन पुन्हा कढत पाण्यातून काढलं होतं. "परक्यासमोर मळकां कशां न्हेवचां?" म्हणाली.

पणजीच्या एका गल्लीत सुधीरबाबांचं घड्याळांचं आणि पेनांचं जुनं दुकान आहे. आमच्या कचेरीतले साहेब लोक तिथंच जातात. काकीनं फडकं उलगडलं. सुधीरबाबांनी पेन उजेडाकडे धरलं, टोपण उघडलं, निब बघितली आणि खूश होऊन मान हलवली. मग त्यांनी पेन बोटांमध्ये फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी आतल्या कपाटातून दुसरं एक पेन आणून शेजारी ठेवलं. तसलंच, तेवढंच जुनं, पण काळंभोर. आमचं त्याच्या शेजारी शिळ्या चहासारखं तपकिरी दिसत होतं.

"हें कोणें कढत उदकांत घाल्लें?" त्यांनी विचारलं.

"मियां," काकी ताठ होत म्हणाली. "दरेक फावट घालतंय. आमसुलांनी घासतंय. एका कणाचो मळ ना तेका."

सुधीरबाबांनी पेन हलकेच खाली ठेवलं. मग समजावून सांगायला लागले. हे प्लास्टिक नव्हे, कडक केलेलं रबर. गरम पाण्यानं त्याचा काळा रंग मरतो, अंगावरची अक्षरं फुगून मिटतात. कड्यावर सोन्याचं पाणी होतं, ते राखेनं निघालं. साहेबाचं नाव होतं तिथं आता बोटाला नुसता खडबडीतपणा लागत होता. कुणी कधीच धुतलं नसतं, धुळीत पडून राहिलं असतं, तर लाखाच्या वर गेलं असतं, असं ते म्हणाले. आता निबेचं सोनं काय ते. दोनेक हजार.

काकीनं पेन परत फडक्यात गुंडाळलं. "म्हणजे माझ्याच हातांनी?" एवढंच तिनं विचारलं, आणि सुधीरबाब आपलं काळंभोर पेन कपाटात परत ठेवायला उठले. मला त्या माणसाचा राग आला, खरं तर त्याचा काही संबंध नसताना.

म्हापशापर्यंत बसमध्ये ती मांडीवरचं फडकं पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिली. पेडण्याच्या बसमध्ये बसल्यावर मी सरळ मुद्द्याला हात घातला. "हे बघ काकी, अजयला यातलं काहीही सांगायचं नाही. त्यानं पेन मागितलंय, पेन तू देणार आहेस. आधी त्याची सही, मग पेन. पुढं त्याचं तो बघून घेईल."

"पण तेका लाखाचां दिसता मगो."

"दिसू दे! तुझं घर पाडायला निघाला तेव्हा त्याला तुझं काय दिसलं?"

तिनं तिकिटाची बारीक घडी केली. मग "बरां," म्हणाली. आमच्या स्टॉपवर उतरताना माझा हात धरून पुन्हा म्हणाली, "बरां, गप रवतंय." मी निश्चिंत झाले. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी समजत होते.

चार दिवसांत सिद्धीला मुलगी झाली. सटीच्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही वाड्यावरच्या बायका अजयच्या घरी जमलो. अजय नुसता उडत होता, प्रत्येकीच्या हातात पेढा कोंबत होता. पाट मांडला, दिवा लावला, कागद ठेवला. घरातली मोठी म्हणून पेन काकीनंच मांडायचं. तिनं फडकं सोडलं. अजय मांडी घालून समोर बसला. त्यानं हे पेन बघितलं होतं ते लहानपणी, आणि आता दिव्याच्या उजेडात त्याचं लक्ष रंगाकडे नव्हतंच.

"काकी, खरां सांगतंय," तो म्हणाला, "हेचो एक पैसो मी खोल्यांक लावचंय ना. सगळे चेडवाच्या नांवार घालतलंय. तिच्या शिकपाक."

काकीचा हात कागदावर तसाच थांबला. मी मागून तिच्या पदराला हिसका दिला. तिला कळलं, नक्की कळलं, कारण तिनं पदर सोडवून घेतला.

"अजय, ह्या पेनाक किंमत ना रे," ती म्हणाली. "पणजेक दाखयलां. मियां धुवून धुवून तेचां सगळां घालयलां. आज तुझ्या चेडवाच्या कपाळार बरवतले, तेच्याफुडे मी फटी मारू, खोटां बोलू?"

अजयला आधी काही समजेना. मग त्यानं पेन उचललं, दिव्याजवळ नेलं, उलटंसुलटं केलं. त्याचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं.

"हां आमचां न्हय," तो म्हणाला. "आमचां काळां. आजोच्या खिशात मी बघलंय. काकी, आमचां खंय विकलंस?"

मीच ओरडले, "अरे, माझ्या धाकट्याच्या सटीला ते असलंच तपकिरी झालेलं होतं!" मग इतर बायकांकडे बघितलं. प्रत्येकीनं ते पेन आपापल्या घरी एक रात्र पाहिलेलं, मिणमिणत्या दिव्यात, बाळाच्या धांदलीत. रंग कोण बघतं? एकजण पाटाकडे बघत राहिली, दुसरी बाळाला झोप लागली का ते बघायला आत गेली. ज्यांच्या पोरांची नशिबं त्या पेनानं लिहिली, त्यांतली एकही तोंड उघडेना. त्यांचाही राग माझ्या मनातून गेलेला नाही.

"पणजेक गेल्लंस म्हणतंस," अजय म्हणाला. "मगे थंयच विकलंस." त्यानं पेन काकीच्या मांडीवर टाकलं आणि आपल्या खिशातलं बॉलपेन काढून कागदावर ठेवलं. काकी उठली. दारात क्षणभर थांबून तिनं आतल्या खोलीकडे, बाळाच्या दिशेनं, लांबूनच कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली आणि अंधारात मागच्या दारानं आपल्या खोलीत गेली.

सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसला म्हणून मी गडगा ओलांडून गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. काकी चुलीपुढे बसली होती, पाणी उकळत होतं, आणि बाजूला ताटलीत पेन, आमसुलं, राख.

"काकी! अजून?"

"सुवेराच्या घरात जावन आयलां मगो तां," ती म्हणाली, आणि पेन पाण्यात सोडलं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. कागद तर आता होणार नाहीच. बारसं झालं की मागची भिंत पाडायला माणसं येणार, असं अजयनं रात्रीच सांगून टाकलं होतं. "माझ्याकडे ये राहायला," मी म्हटलं. काकी पेन घासत राहिली.

तेवढ्यात वरच्या घरची गौरवी आली. तिला आठवा महिना. रात्री सगळं ऐकून, सगळ्यांबरोबर गप्प बसलेली हीच. आत न येता दारातूनच विचारलं, "काकी, माझ्या वेळार पेन दितलंस मगो?"

काकीनं पेन पदराला पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं.

"दितंय गो," ती म्हणाली. "पण मागूक खंय येतलंस?"