नमुन्याची कॅसेट

आमच्या घरात टेपरेकॉर्डर आला तो ऐकायला नव्हे, द्यायला. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्यांनी आंदणातल्या दोनच वस्तू नाव घेऊन मागितल्या होत्या. त्यातली एक म्हणजे जपानी टेप. जपानीच पाहिजे, देशी नको. वडील परभणीहून तो घेऊन आले, तेव्हा सोनपेठपर्यंत खोकं एसटीत मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर ते आतल्या खोलीत पेटीवर ठेवलं आणि वर धुतलेलं धोतर टाकलं.

आठच दिवसांनी जपानहून एक कॅसेट आली. ही मात्र कुणी मागितली नव्हती.

पाठवणारी माझी पत्रमैत्रीण. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी आम्हा चार-पाच मुलींना परदेशी पत्ते वाटले होते. बाकीच्यांचं एकेका पत्रात आटोपलं, आमचं पाच वर्षं चाललं. दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळं कुणी कुणाला लाजायचं कारण नव्हतं. एकदा मी शाळेपुढं काढलेला माझा फोटो पाठवला. तुझ्यामागच्या भिंतीवर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. ती नामांतराची घोषणा होती. मी लिहिलं, इथं विद्यापीठाच्या नावावरून भांडण चालू आहे. तिनं विचारलं, कुणाचं नाव द्यायचंय, आणि तुला काय वाटतं? माझी पत्रं थोरला भाऊ आधी वाचायचा आणि मगच पोस्टात टाकायचा. पुढच्या पत्रात मी ज्वारीच्या हुरड्याबद्दल लिहिलं.

कॅसेटबरोबर लांबलचक पत्र होतं. तिचा आवडता बँड, म्हणजे गिटार आणि ड्रम वाजवून गाणारी चार मुलं, मोडला होता. भांडण नाही, काही नाही, आता पुरे म्हणून मोडला. जाताना त्यांनी आपली सगळी गाजलेली गाणी एका कॅसेटीत काढली होती आणि दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी एक नवं गाणं घातलं होतं, निरोपाचं. ते ऐक, अर्थ कळला नाही तरी चालेल, पण ऐकून काय वाटलं ते मला कळव, असं तिनं लिहिलं होतं. फक्त मार्चच्या आत. मार्च संपला की ती नोकरीसाठी ते घर सोडणार होती आणि नवा पत्ता अजून तिलाच माहीत नव्हता. माझा पत्ता तर फेब्रुवारीतच बदलणार होता, आणि लग्नानंतर माहेरी आलेलं पत्र भाऊ सासरी पोचवील याचा भरवसा नव्हता. म्हणजे मार्चच्या आत माझं पत्र तिकडं पोचलं नाही, तर आम्ही दोघी एकमेकींना कायमच्या हरवणार होतो. त्यात नामांतरावरून झालेल्या बंदमुळं एसटी थांबलेल्या, आणि टपाल एसटीनंच यायचं, म्हणून पार्सल आधीच पंधरा दिवस उशिरा आलं होतं.

न ऐकताच छान आहे म्हणून लिहून टाकायचं, असं कुणीही म्हणेल. खोटं बोलायला कचरणाऱ्यातली मी नव्हते. मायला रोज दोन-तीन थापा मारायचे. पण तिच्यापासून पाच वर्षांत एकच गोष्ट लपवली होती, ती म्हणजे त्या भिंतीबद्दल मला काय वाटतं ते. दुसरी नको होती, आणि गाणं न ऐकता नुसता नवा पत्ता कळवायला मन घेईना.

"दादा, एकदा खोकं उघडू द्या," मी वडिलांना म्हणाले. "एकच गाणं ऐकते अन् होतं तसं ठेवते."

"सील फोडलं का जुना दिला म्हणतील," ते म्हणाले. "तुज्यासाठीच बोलायलोय मी."

माय म्हणाली, "कशाला घाई करायलीस? लग्न झाल्यावर तुजाच हाय की तो."

तुजाच! त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

बसस्टँडवरच्या हॉटेलात टेप होता. पण हळद लागायला आलेली मुलगी हॉटेलात बसून गाणं ऐकणार, हे बोलायलासुद्धा तोंड नव्हतं. मग माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. कॅसेटीत पेन्सिल खुपसून चाक फिरवत बसले आणि दुसरी बाजू अंदाजानं शेवटच्या गाण्यापर्यंत आणून ठेवली. सासरी सवड मिळाली तर पाच मिनिटांची मिळेल, ती शोधाशोधीत जायला नको. कॅसेट हरवू नये म्हणून ती खोक्याला सुतळीनं बांधली. स्वतःला लय हुशार समजत होते.

सासर पोखर्णीपासून जवळच. तिथं टेपला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि तो बैठकीत जाऊन बसला. बैठक पुरुषांची. सुनेनं चहा उंबऱ्यापर्यंत आणायचा, आतून कुणीतरी उठून घ्यायचा. सासऱ्यांनी सुतळी सोडली आणि कॅसेट उलटीपालटी करून पाहिली.

"जपानी अक्षरं हायत. टेपासंग आली असंल, नमुन्याची."

नवऱ्यानं ती घालून बटण दाबलं. मी दाराआड उभी होते. गिटारची तार दोनदा वाजली, गाणाऱ्यानं श्वास घेतला, आणि खट्ट!

"आरं, हे कोणाला कळायलंय? भजनं लाव," सासरे म्हणाले.

ती माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. नवी सून बैठकीत बोलत नाही म्हणून बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर, माझी म्हटल्यावर कुणी पाठवली, का पाठवली, अजून काय काय येतं, हे सगळं निघालं असतं. गप्प बसणं मला माहेरापासूनच चांगलं जमत होतं.

मार्च सरत चालला. पत्ता घातलेला एरोग्राम, परदेशी धाडायचं घडीचं पत्र, माझ्या पेटीच्या तळाशी होता.

मग एका सकाळी सगळं घर पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालं. माझी पाळी आलेली. त्या चार दिवसांत देवाला जायचं नाही, घरात कशाला शिवायचं नाही, ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसून राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या विटाळावर खूश झाले. बैलगाडी वळणाआड गेली तशी उठले, बैठकीत शिरले आणि कुंकू लावलेल्या टेपला हात घातला. कॅसेट बाजूलाच पडली होती. तिच्या काठावर कागदाचा तुकडा डकवलेला होता. तो कशासाठी, ते मला कळलं नाही.

थोडी मागं फिरवून लावली. आधीचं गाणं संपलं. तार दोनदा वाजली. त्यानं श्वास घेतला.

आणि सासरे खोकले.

"हां, बोला आण्णा, आवाज भरायलाय," नवऱ्याचा आवाज आला. मग सासऱ्यांनी कचेरीत साक्ष द्यावी तसं आपलं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका सांगितलं. बाकीचे खो खो हसले. मग फार लांबून, भिंतीपलीकडून, एका बाईनं विचारलं, "किती कप ठेवू?"

"सात," कुणीतरी म्हणालं.

ती बाई कोण, हे कळायला मला जरा वेळ लागला. तोवर फीत संपून बटण आपोआप वर आलं.

मी ते तीनदा ऐकलं. घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि नमुन्याची कॅसेट कुणाच्या कामाची? विकतच्या कॅसेटीवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून काठाला खाच असते; तिच्यावर कागद डकवला की कसल्याही कॅसेटीवर आवाज भरता येतो, हे नवऱ्याला कुणीतरी शिकवलं असणार. त्याची काही चूक नव्हती. मला मात्र संताप संताप झाला, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना. एवढ्या लांब फितीत नेमक्या त्याच गाण्यापाशी कॅसेट कुणी आणून ठेवली होती? मीच, पेन्सिलीनं.

चौथ्या दिवशी न्हाले आणि एरोग्राम काढला. खरं तेच लिहिलं. तुझ्या गाण्यात तो माणूस श्वास घेतो, आणि पुढं मी चहाचं विचारते. खाली सासरचा पत्ता लिहिला. पोस्टात टाकायला दुसरं कोण होतं? नवऱ्याच्या हातात दिला.

तो बारावी झालेला. उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"ती कॅसेट तुजी व्हती?"

मी मान डोलावली.

"मग तवाच सांगायचं न्हाई का?" तो म्हणाला. रागानं नव्हे. त्याचा चेहरा पडला होता. "मी भरलं नसतं की."

भर उन्हात सायकल मारत तो पोस्टात गेला आणि घामाघूम होऊन परत आला. टाकलं म्हणाला, आता जाईल. मार्चचे तीन दिवस उरले होते. जपानला पत्र जायला दोन आठवडे लागतात, हे मी त्याला सांगितलं नाही.