गच्चीवरचा भाडेकरू

"धुवायचं टेन्शन न्हाई हो, आता सून आलीय की!"

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. बैठकीत माझे सासरे, अप्पा, सोलारवाल्याला सांगत होते आणि मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी होते. लग्नाला जेमतेम दीड महिना झाला होता. मी आत जाऊन चहा ठेवला, साखर विचारली आणि परत आले.

तेव्हापासून आमच्या लातूरच्या घरात एकच विषय: सोलार भाड्यानं घ्यायचं की विकत? गच्चीवर अजून एकही पॅनल चढलेलं नाही, पण किस्से इतके साचलेत की वाळत घालायला गच्ची पुरायची नाही. त्यात मी कमी बोलते. कमी बोलणाऱ्याजवळ किस्से जास्तच साचतात, त्यांना बाहेर पडायला वाटच नसते ना!

*

सोलारवाल्यानं पहिल्याच दिवशी सरळ मांडून सांगितलं होतं. भाड्यानं घेतलं तर पॅनल कंपनीचं, गच्ची आपली. दरमहा भाडं द्यायचं. दुरुस्ती आणि धुणं कंपनी बघणार. करार पंचवीस वर्षांचा. विकत घेतलं तर पॅनल आपलं, सबसिडी आपली आणि धूळही आपली. धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून दर आठवड्याला धुवायचं. तिथंच ते माझ्याबद्दलचं वाक्य आलं.

पण अप्पा अडकले ते 'पंचवीस वर्षां'वर. आमच्या घराच्या पुढच्या गाळ्यात एक टेलर आहेत. अप्पांनी त्यांना गाळा दिला तो अकरा महिन्यांसाठी. माझ्या नवऱ्याचं, महेशचं, बारशाचं झबलं त्यांनी शिवलं. लग्नातला कोटही त्यांनीच!

"अकरा महिन्यांचा खालचा निघंना," अप्पा म्हणाले, "आन् पंचवीस वर्षांचा वर बसवू?"

*

मग सोलारवाला टेप घेऊन गच्ची मोजायला आला. ऐन एप्रिल. गच्चीभर कुरडया, पापड, मिरच्या. तो बिचारा चवड्यांवर चालत होता आणि दर चार पावलांना शिंकत होता. मधोमध सासूबाई, आमच्या अव्वा, काठी घेऊन बसलेल्या. काठी कावळ्यांसाठी होती, पण त्याला ते माहीत नव्हतं.

"मावशी, काळजी करू नका," तो लांबूनच म्हणाला. "पॅनल उंच लावू. खाली मस्त सावली पडंल, तिथं पापड वाळवा!"

अव्वांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"सावलीत पापड वाळले असते, तर ऊन इकायला तू लातूरला कामून आला असतास रे?"

त्यानं गुपचूप वहीत लिहून घेतलं: अर्धी गच्ची सोडणे.

*

बसूकाका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. आमच्यातच राहतात. देवणीच्या बाजारात बैल घ्यायचा असेल तर अख्खी गल्ली त्यांना सोबत नेते. "न बघता काय घेऊन राहिलात?" म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना देवणीच्याच एका पाहुण्याकडं नेलं. त्याच्या गच्चीवर पॅनल होतं.

काकांनी पॅनलला एक चक्कर मारली. पाठीवर हात फिरवावा तसा तळवा फिरवला, खाली वाकून पाय बघितले आणि सोबत आलेल्या सोलारवाल्याला बैलाचं वय विचारावं तसं विचारलं, "दात किती?"

तो पॅनलच्या कडा चाचपायला लागला. महेश हळूच म्हणाला, "वॉरंटी विचारून राहिलेत."

"पंचवीस वर्षं, काका!"

"पंचवीस वर्षं?" काका ताठ झाले. "मग भाड्यानं कामून? असलं जनावर घरचंच बरं!"

तरी खात्री पटावी म्हणून आम्ही देवणीला आणखी एकदा गेलो. मला बघायला ही सगळी नांदेडला आली होती, तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होता. मुलगी कमी बोलते म्हटल्यावर अव्वा तर लई खूश झाल्या होत्या!

*

याच सुमारास नांदेडहून आईचा फोन आला. तिकडं आमच्या शेजारच्या काकूंनी सोलार भाड्यानंच घेतलंय. पहिल्या महिन्यात धुवायला दोन माणसं आली, फोटो काढून गेली. त्यानंतर कधीही फोन लावा, "माणूस निघालाय!" शेवटी वीज कमी पडायला लागली, तशा काकूच गुडघे धरून जिना चढायला लागल्या.

"भाडं काकू देतात, पॅनल कंपनीचं," आई म्हणाली, "आणि धुणारी फुकट!"

हे मी महेशला सांगितलं. महेशनं ते रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. अप्पांनी घास थांबवला.

"बघा! पोरगं अभ्यास करून राहिलंय!"

मी अभ्यासू पोराला भाकरी वाढली. भाड्याचा विषय त्या ताटावरच संपला. मला मात्र एक गोष्ट कळून चुकली. पॅनल भाड्याचं असो की विकतचं, धुणारी आधीच ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी मी सोलारवाल्याचे सगळे कागद वाचून काढले. अर्जासकट. दोनदा.

*

"नळ आठ दिवसाला येतोय," एकदा अव्वा म्हणाल्या, "आन् पॅनलला दर आठवड्याला आंघोळ? पाणी कुठलं?"

"माणसानं एक दिवस आड करावी!" अप्पा म्हणाले.

"कुठल्या माणसानं?"

अप्पांनी पेपरचं पान उलटलं.

*

परवा अर्ज भरायचा होता. बैठकीत सगळे जमले. सोलारवाल्यानं लाइटबिल हातात घेतलं आणि विचारलं, "हे सिद्रामप्पा कोण?"

सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. तिथं फोटोत महेशचे आजोबा हारात होते. मीटर अजून त्यांच्याच नावावर. दर महिन्याचं बिल अव्वा आधी त्यांच्या फोटोपुढं ठेवतात, मग महेश भरतो.

"मीटर हयात माणसाच्या नावावर पाहिजे," सोलारवाला म्हणाला. "त्याशिवाय सबसिडी न्हाई."

"बसूच्या नावावर करा," अप्पा म्हणाले.

"छे! दादा थोरला हाय. दादाच्याच करा."

"न्हाई, तू कर."

"न्हाई, दादा, तू."

बराच वेळ दोघंही फार प्रेमानं बोलत होते, पण आवाज चढत चालले होते. अव्वा म्हणाल्या, "राहू द्या त्यांचंच, त्यांनी काय वाकडं केलंय तुमचं?" महेश पंख्याकडं बघत होता.

सोलारवाला पेन उघडून बसलेला. "घरातलं कुणीबी चालतंय हो. बाकीच्यांनी संमतीची सही करायची. पण नाव एकच. काय लिहू?"

अप्पांनी बसूकाकांकडं बोट केलं, काकांनी अप्पांकडं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. आत गेले, ट्रे टेबलावर ठेवला आणि या वेळी साखर विचारली नाही.

"माझं नाव लिहा, भाऊ. धुवायचं टेन्शन न्हाई!"