तळ्यावरचा फोकस

आमचे हे फौजेतून पेन्शनवर घरी आले ते संशयी स्वभाव बरोबर घेऊनच. पलूसजवळ आमचा मळा आहे. तिथं शेततळं खोदलं आणि कटला माशाचं बीज सोडलं. जिऱ्याएवढी पिल्लं ती. थोड्याच दिवसांत निम्मी दिसेनाशी झाली. बांधापलीकडे माझ्या धाकट्या दिराचं घर. चोर शोधायला हे लांब कशाला जातील?

"त्यानंच न्हेऊन हिरीत सोडली असणार," हे डेअरीवर, दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले. दीर तिथंच होता. दुसऱ्या दिवसापासून त्याची पोरं आमच्या अंगणात यायची बंद झाली.

मग ह्यांनी तळ्यावर मोठा फोकस लावला. रात्रभर जळायचा. नवं बीज आणलं, तेही संपलं, पहिल्यापेक्षा लवकर. उजेडातही चोर सापडत नाही म्हणजे तो घरचाच, असं ह्यांचं गणित.

एकदा सकाळी मी तळ्यावर गेले तर फोकसच्या खांबाखाली काळे चकचकीत पाणभुंगे मरून पडलेले. तसलेच जिवंत भुंगे पाण्यात, ढुंगण वर करून हवा घेत होते. पातेल्यात थोडं पाणी घेतलं. त्यात भुंग्याची लांबट अळी होती. कोयत्यासारख्या वाकड्या जबड्यांत पिल्लू धरून ती त्याला चोखत होती. हे भुंगे रात्री उडतात आणि दिव्यावर येतात. म्हणजे चोर धरायला लावलेला दिवा चोरांनाच आवतण देत होता. पातेलं मी ह्यांच्यापुढं ठेवलं.

हे काडीनं अळी हलवून बघायला लागले. "फोकस काढून टाकतो," एवढंच म्हणाले.

"आवं, आन् भावजींचं काय?"

"त्येला कळंल आपोआप."

तळं उपसून पुन्हा बीज सोडलं. या खेपेला मासे वाढले. पहिले दोन कटले ह्यांनी माझ्या हातून दिराकडे पाठवले. स्वतःच्या तोंडानं बोलायचं ते माशांवर भागवायचं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दिरानं पिशवी परत दिली. "वैनी, तुमच्यावर राग न्हाई. पर चोर म्हणला तवा डेअरीवर म्हणला, आन् मासं मागल्या दारानं धाडतोय. दादाला म्हणावं, डेअरीवर यिऊन बोल."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. हे म्हणाले, "लय माजलाय." मग त्याच माशांचं कालवण करायला लावलं आणि दोनदा वाढून घेतलं.