दोराचं दुसरं टोक

सातो-सान युरोपहून परतल्या आणि इथल्या जपानी रिवाजाप्रमाणे ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक चॉकलेट ठेवून गेल्या. वेष्टनावर आल्प्समधला मॅटरहॉर्न सुळका होता. मी ते उघडलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मंजिरी असंच चॉकलेट घेऊन आमच्या इचिकावा शहरातल्या घरी आली होती. सह्याद्रीतले कितीतरी कडे आम्ही दोघी एकाच दोराला बांधून घेऊन चढलो होतो. मॅटरहॉर्नलाही बरोबरच जायचं ठरलं होतं. पण मी लग्न करून जपानला आले आणि ती माझ्याशिवाय तिकडे जाऊन आली.

चहा निवत होता. ती सांगत होती, पहिल्यांदा तो सर करणाऱ्या सातजणांचा दोर उतरताना तुटला आणि चौघे गेले. तो तुटका दोर तिनं तिथल्या संग्रहालयात पाहिला होता. मग तिनं शिखरावरचा आपला फोटो पुढे केला. तिच्या कमरेची गाठ मी शिकवलेलीच होती. तिथून निघालेला दोर फोटोच्या कडेबाहेर गेला होता.

“पलीकडे कोण होतं गं?”

“तिथला गाईड. नावसुद्धा आठवत नाही बघ.”

तेव्हा वाटलं, मी शिखरासाठी जळतेय. आता शिखराचं काही वाटत नाही. त्या गाईडवर मात्र अजून जळते.