गुरुजींच्या हिटरचा दिवा

"तू मले मेलेला हिटर देला," फोनवर गुरुजी म्हणाले. "टाकी लावून पाच दिवस झाले. एकदाही दिवा लागला नाई."

"गुरुजी, मे महिना हाय," मी म्हटलं.

"त मंग?"

दुपारचे दोन वाजले होते. तुमसरच्या माझ्या दुकानाच्या शटरला हात लागला तर चटका बसत होता. आणि पलीकडे बपेरा गावात एक माणूस पाणी गरम होत नाही म्हणून माझ्यावर चिडला होता.

मी अॅक्वेरियमचं काम करते. टाकी, फिल्टर, लाईट, मासे, सगळं विकते, घरी जाऊन बसवून देते, आणि बिघडलं की पुन्हा जाते. आमचं घर मासेमारीवालं. बाबा अजून तलावात जाळं टाकतात. माझा धंदा त्यांना आजवर पटलेला नाही. "मासा खायचाच नाई, त विकत कायले घ्यायचा?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. गिऱ्हाइकालाही विचारतात, म्हणून मी त्यांना दुकानात फार वेळ बसू देत नाही.

कटरे गुरुजी साधं गिऱ्हाईक नव्हते. रिटायर्ड हेडमास्तर. सातवीत मला गणित त्यांनी शिकवलं. बाकावर उभंही केलं, एकदा नाही, बऱ्याचदा. आज माझं वय पंचेचाळीस आहे, तरी त्यांचा फोन आला की मी खुर्चीवरून उठते.

पंधरा दिवसांपूर्वी ते दुकानात आले तेव्हा हातात वहीचा कागद होता. लाल शाईने नंबर घालून यादी केलेली. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून अभ्यास केला होता.

"अडीच फुटाची टाकी," ते म्हणाले. "त्याले हा मोठा डब्याचा फिल्टर."

"गुरुजी, एवढा फिल्टर लावला त मासे भिंतीले चिपकतीन. स्पंजचा घ्या. साधा हाय, धुवाले सोपा."

फिल्टर म्हणजे फक्त गाळणी नव्हे, हे मी सगळ्यांना सांगते. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते खाणारे बारीक जंतू स्पंजमध्ये घर करतात. नव्या स्पंजमध्ये ते नसतात, म्हणून टाकी आज आणली आणि मासे आजच सोडले असं चालत नाही. माझ्या दुकानातला जुना, वापरलेला स्पंज मी नव्या टाकीत टाकून देते, दह्याला विरजण लावतात तसा. गुरुजींना हे पटलं. विरजण त्यांनी यादीत लिहून घेतलं.

माशांचंही जमलं. त्यांना नाजूक, ताटलीसारखे चपटे मासे हवे होते. त्यांच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं. त्या पाण्यात ते टिकले नसते. मॉली आणि प्लॅटी घ्या म्हटलं, त्यांना असलंच पाणी मानवतं. तेही मान्य.

मग नंबर सात. हिटर.

"हिटर आता नका घेऊ, गुरुजी. डिसेंबरात पाहू."

"व्हिडिओत सांगतलं, उष्णकटिबंधातल्या माशाइले हिटर कंपल्सरी हाय."

"आपणच उष्णकटिबंधात हाओ, गुरुजी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुले भूगोलात किती मार्क होते?"

मी मुकाट्याने हिटर बांधून दिला. थंडीत लागणारच होता. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं गार होतं की मासे तळाशी जाऊन गप्प बसतात.

हिटर म्हणजे काचेची नळी. आत तार आणि थर्मोस्टॅट. तुम्ही सव्वीसवर लावला, तर पाणी सव्वीसच्या खाली गेल्यावरच तो सुरू होतो आणि त्याचा लाल दिवा लागतो. मे महिन्यात गुरुजींच्या टाकीत पाणी होतं बत्तीस. दिवा कशाला लागेल?

हे मी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून बपेऱ्याला जाऊन पुन्हा सांगितलं. टाकीच्या काचेवर चिकटवलेला थर्मामीटर दाखवला. गुरुजी मान डोलवत राहिले. चुकलेलं उत्तर पूर्ण ऐकून घेताना ते वर्गात तशीच मान डोलवायचे.

"ते सारं ठीक हाय," ते म्हणाले. "पण दिवा काहून नाई लागत?"

मी हिटर बदलून दिला. नव्याचाही दिवा लागला नाही.

मग त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'तुमसरमध्ये बोगस हिटर विकून राहिले. सावध राहा.' दुकानाचं नाव नव्हतं. पण तुमसरमध्ये अॅक्वेरियमवाली बाई मी एकटीच ओळखीची, आणि अर्धा तालुका गुरुजींच्या हाताखालून गेलेला. दोन दिवसांत तीन फोन आले. एकाने तर शाळेतल्या टाकीचं ठरलेलं काम 'सध्या राहू द्या' म्हणून थांबवलं.

आता मात्र मी पेटले. सातवीपासूनचं सगळंच आठवलं म्हणा. पुन्हा बपेऱ्याला गेले. गुरुजींच्या घरात पोचताच म्हटलं, "काकू, एक बादली पाणी द्या. अन् फ्रिजातला सारा बर्फ."

काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, काही न विचारता घेऊन आल्या. शेजारचे चार जण दारात जमले होतेच. त्यांनाही आत बोलावलं. प्रेक्षक हवेच होते मला. बर्फ बादलीत ओतला, हिटर पाण्यात बुडवला, प्लग लावला.

टक. लाल दिवा.

"लागला!" शेजारी ओरडले.

"पाह्यलं, गुरुजी? हिटर चांगला हाय. पाणी थंड पाहिजे, मंगच दिवा लागते."

गुरुजी बादलीपुढे वाकून बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "समजलं."

परतीच्या वाटेवर मी स्कूटीवर चक्क गाणं म्हणत होते. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला: 'हिटरबाबत खुलासा. हिटर चालू आहे.' दोन दिवसांनी गुरुजींनी फोटोही टाकला. टाकी, मासे आणि कोपऱ्यात लाल दिवा. मी फोटोला अंगठा दिला. शाळेचं काम परत मिळालं. त्या आनंदात, मेमध्ये टाकीतला दिवा लागलाच कसा, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"माय, तू येऊन जा. मासोळ्याइले देवी आल्या."

मी पोचले. सगळ्या मॉलींच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. मासे दगडाला अंग घासत होते. एक प्लॅटी सकाळीच गेली होती. गुरुजी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून उठलेसुद्धा नाहीत.

याला आम्ही व्हाईट स्पॉट म्हणतो. हा बारीक परजीवी आहे. माशाची ताकद कमी झाली की बसतो. आणि ताकद कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे पाण्याचं तापमान एकाएकी वरखाली होणं.

"गुरुजी, टाकीत काही टाकलं का? पाणी बदललं?"

"काहीच नाई. तू सांगतलं तेवढंच करून राहिलो."

"मी काय सांगतलं?"

उत्तर काकूंनी दिलं. "बर्फ. सकाळी एक डबा, दुपारी एक डबा. घरात पाहुणा आला त त्याले कोमट सरबत. सारा बर्फ मासोळ्या खाऊन राहिल्या."

मी गुरुजींकडे पाहिलं.

"तूच म्हणली ना, पाणी थंड पाहिजे, मंगच दिवा लागते," ते म्हणाले. आवाजात हेडमास्तर उरला नव्हता.

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. दिवसातून दोनदा ते मासे बत्तीसवरून चोवीसवर जात होते आणि परत बत्तीसवर येत होते. बर्फ गुरुजींनी टाकला, पण रस्ता मी दाखवला होता. चार शेजाऱ्यांपुढे जिंकायच्या नादात.

"वाचतीन का?" त्यांनी विचारलं. "ती काळी मॉली मले ओळखते. मी आलो की वर येते."

"पाहू," मी म्हटलं. खोटा धीर देणं माझ्या कामात परवडत नाही.

इलाज साधा, पण चिकाटीचा. पाणी तीसवर ठेवायचं, दिवसरात्र तेवढंच. तो परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत असतो, मग पाण्यात सुटतो. सुटलेला असतानाच तो मरतो. कोमट पाण्यात त्याची ही फेरी लवकर होते. सोबत मोजून खडे मीठ. आणि कोमट पाण्यात हवा कमी मुरते, म्हणून एअर पंप पूर्ण जोरात.

अडचण एकच होती. टाकीच्या समोरच कूलर. दुपारी बंद असला की पाणी बत्तीस, संध्याकाळी सुरू झाला की तासा-दोन तासांत सत्तावीस.

"कूलर दुसऱ्या खोलीत न्या, गुरुजी."

"मासे वाचतीन, आम्ही मरू," काकू म्हणाल्या.

बरोबर होतं. मग टाकीच मागच्या भिंतीला घेतली. अर्धं पाणी काढून, मासे बादलीत ठेवून, आम्ही तिघांनी मिळून सरकवली. तरी कूलरचा गारवा तिथेही पोचत होता. संध्याकाळी थर्मामीटर अठ्ठावीसवर आला. आता एकच उपाय होता, आणि तो करताना मी गुरुजींकडे पाहायचं टाळलं.

हिटर तीसवर लावला. प्लग घातला.

लाल दिवा लागला.

गुरुजी सावकाश खुर्चीत ताठ बसले.

"लागला," ते म्हणाले.

"हो."

"बर्फ नाई टाकला तरी लागला."

"हो, गुरुजी."

"मे महिना हाय ना?"

"हाय."

"मंग मी यादीत काय लेहलं होतं? नंबर सात?"

काकू तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या.

बारा दिवस गुरुजींनी दर दोन तासांनी तापमान वहीत लिहिलं. मला रोज फोटो पाठवले. लाल शाईत, आकडे एकाखाली एक, कुठे खाडाखोड नाही. असं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. आणखी एक प्लॅटी गेली. बाकी सगळे वाचले, काळी मॉलीसुद्धा. महिन्याभरात तिला पिल्लंही झाली. त्यांची संख्या मला रोज कळवली जात होती आणि रोज वेगळी असायची.

ग्रुपवर शेवटचा मेसेज आला: 'उन्हाळ्यात हिटर अत्यंत आवश्यक. स्वानुभव.' मी खोडून काढला नाही. सातवीतल्या पोरीने हेडमास्तरांना किती वेळा दुरुस्त करावं?

परिणाम आठवड्यात दिसला. आंधळगावहून तिघे जण एकाच मोटरसायकलवर हिटर घ्यायला आले. मी त्यांना सांगितलं, या दिवसांत पाणी तापवायचं नसतं, टाकीवर छोटा क्लिपवाला पंखा लावायचा असतो. वाऱ्याने पाणी तीन-चार डिग्री उतरतं. त्यांनी पंखा उलटासुलटा करून पाहिला.

"याले दिवा नाई?" एकाने विचारलं.

मग आत जाऊन लाल इंडिकेटरवाले तीन एक्स्टेन्शन बोर्ड आणले. पंखा त्यात लावला, बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. तिघेही खूश.

धंद्याच्या वीस वर्षांत मी एवढं शिकले: सामान टाकीच्या गरजेचं द्यावं, दिवा मालकाच्या गरजेचा. आणि डेमो कितीही रंगला, तरी गिऱ्हाइकाला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय स्कूटी सुरू करू नये.